जुना कटर दुरुस्त करावा का? आधी मफलर खोला

प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यातले एक बागायतदार विचारतात: "वडिलांनी २००९ साली घेतलेली स्टिल कंपनीची एमएस २५० चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचा पेट्रोलवरचा कटर, घरात आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर बागेतली पडलेली झाडं कापताना चुलत्यांनी घाईत मोटारसायकलमधलं साधं पेट्रोल काढून तिच्यात ओतलं. अर्ध्या तासात मशीन बंद पडली, तेव्हापासून पडवीत आहे. त्याच दिवशी फांदी पडून मागची मूठ तडकली आणि पुढचं हँडगार्ड तुटलं, ते तारेनं बांधलंय. दोरी ओढली की अडखळत येते. गावातला मोटारसायकल मेकॅनिक म्हणतो, बोअर करून मोठा पिस्टन टाकू. बाजारातला दुकानदार म्हणतो, भंगारात द्या आणि सहा-सात हजारांत चायना घ्या. वडील आता नाहीत, त्यामुळे टाकवतही नाही. काय करावं?"

दोघांचंही ऐकू नका. त्यातल्या त्यात मेकॅनिकचं तर अजिबात नको. दुकानदाराचं ऐकलंत तर पैसे जातील, मेकॅनिकचं ऐकलंत तर कदाचित चांगला असलेला सिलिंडर जाईल.

मेकॅनिकचा हेतू वाईट नाही. तो ज्या गाड्यांवर हात बसवून शिकला, त्यांच्या सिलिंडरात बिडाची स्लीव्ह असायची. ती घासली की लेथवर थोडी खरवडायची, एक नंबर मोठा पिस्टन टाकायचा, गाडी पुन्हा पाच-सात वर्षं चालायची. चेनसॉचा सिलिंडर तसा नसतो. तो अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि आतून त्यावर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा कडक मुलामा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका पातळ. पिस्टन पळतो तो या मुलाम्यावर. लेथवाल्यानं बोअर मारला की मुलामा गेला. मग अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासणार आणि पहिली टाकी संपायच्या आत मशीन पुन्हा चिकटणार. तुमच्या मशीनचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४२.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३२, मिळून ४५.४ सीसी. त्यापेक्षा किंचित मोठा 'ओव्हरसाइज' पिस्टन बाजारात शोधत बसू नका. दुसऱ्या कुठल्या मशीनचा पिस्टन घासून बसवतो असं कोणी म्हणालं तर मशीन उचलून घरी आणा.

मी कुडाळकडे बावीस वर्षं ही मशिनं दुरुस्त करतोय. निसर्गनंतर आणि पुढच्याच मे महिन्यातल्या तौक्तेनंतर माझ्याकडे जे कटर आले, त्यांतले बरेचसे तुमच्यासारखेच होते. वीज नाही, रस्ते झाडांनी अडलेले, घरावर माड पडलेला; अशा वेळी पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलची बाटली कोण शोधत बसतो? त्यामुळे चुलत्यांना बोल लावू नका. बिनतेलाच्या पेट्रोलवर पिस्टन चिकटणं हा तसा सुटसुटीत आजार आहे, कारण त्याचं कारण तरी माहीत असतं. ज्या मशीनचा पिस्टन 'असाच' गेला, ती जास्त त्रास देते.

आता काम. कोणालाही पैसे द्यायच्या आधी एक तास काढा आणि स्वतः बघा. लागेल मशीनबरोबर आलेला प्लगचा पाना, टॉर्क्सचा २७ नंबरचा टी-पाना (साध्या षटकोनी अ‍ॅलन कीनं ते स्क्रू खोलायला जाऊ नका, डोकी गोल होतात), एक टॉर्च आणि फडकं. पहिली गोष्ट म्हणजे दोरी जोरात ओढायची नाही. अडखळत येते म्हणजे आत कुठेतरी अ‍ॅल्युमिनियमचा लपका बसलाय. जितकं ओढाल तितका तो आणखी चरे पाडेल. प्लग काढा. प्लगच्या भोकातून अर्धा चमचा टू-टी ऑइल सोडा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी दोरीच्या बाजूचं कव्हर काढून आतलं चाक, म्हणजे फ्लायव्हील, हातानंच सावकाश फिरवून बघा.

मग मफलर, म्हणजे धूर बाहेर टाकणारा डबा, काढा. बरेच लोक कार्ब्युरेटरपासून सुरुवात करतात, कारण तो समोर दिसतो आणि उघडायला सोपा वाटतो. पण निर्णय घ्यायला लागणारी निम्मी माहिती मफलरच्या मागे असते. मफलर निघाला की एक्झॉस्टच्या (धूर बाहेर पडायच्या) खिडकीतून थेट पिस्टन दिसतो. फ्लायव्हील हळूहळू फिरवत राहा: पिस्टन वर असताना त्याची बाजू दिसेल, खाली सरकला की रिंग दिसतील, अजून खाली गेला की खिडकी मोकळी होऊन समोरची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाजूची, सिलिंडरची भिंत दिसेल.

चांगल्या पिस्टनवर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेघा शाबूत दिसतात. उभे चरे दिसले तर ते कुठे आहेत ते बघा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मशीन तेल किंवा पेट्रोल कमी पडून तापलेली आहे. ती बाजू सगळ्यांत गरम, म्हणून आधी तिथेच फुगून घासते. एक्झॉस्टची बाजू स्वच्छ आणि कार्ब्युरेटरची बाजू खरवडलेली असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ किंवा भुसा आत गेलाय. चारी बाजूंनी घासलेला असेल तर बहुधा पूर्ण बिनतेलाचं पेट्रोल. तुमच्याकडे हेच दिसेल असा माझा अंदाज आहे. आणि रिंगची कड तुटलेली किंवा पिस्टनच्या डोक्यावर ठोकल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर आत बेअरिंगचा किंवा सर्क्लिपचा (पिस्टनची पिन अडवणाऱ्या तारेच्या कडीचा) तुकडा फिरून गेलाय. तसं असेल तर पुढचं न वाचता थांबलात तरी चालेल. अशा मशीनवर मी सहसा हात घालत नाही.

आता सिलिंडर. घाबरवणारा भाग हा, पण बहुतेक वेळा चांगली बातमी इथेच मिळते. भिंतीवर चंदेरी पट्टे दिसतील. लोक त्यालाच 'सिलिंडर गेला' म्हणतात. पण ते पट्टे म्हणजे बहुतेकदा पिस्टनचं वितळून चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. खालचा मुलामा त्यापेक्षा किती तरी कडक, तो शाबूत असतो. इंजिन खोलल्यावर ते अ‍ॅल्युमिनियम हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं, म्हणजे फरशी धुवायच्या अ‍ॅसिडनं, काढता येतं. कापसाच्या काडीनं फक्त पट्ट्यावर लावायचं. बुडबुडे येतात, फेस काळा होतो, पुसायचं, पुन्हा लावायचं. अ‍ॅल्युमिनियम संपलं की मुलाम्यावर बुडबुडे येणं थांबतं. थांबलं, तर सिलिंडर वाचला. थांबतच नाही, एका जागी खोल खोल जात राहतं, म्हणजे तिथला मुलामा उडालाय आणि अ‍ॅसिड आता सिलिंडरच खातंय. तो सिलिंडर गेला. खिडक्यांच्या कडांना अ‍ॅसिड लावायचं नाही, तिथे मुलामा संपतो. हे काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून करायचं, शेवटी सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. घरात लहान मुलं असतील तर मेकॅनिककडेच करून घ्या. नख फिरवून चरा लागतो का ते बघणं ही शेवटची परीक्षा. नख अडकलं नाही, तर नुसता पिस्टन आणि रिंग घालून मशीन उभी राहते.

कव्हर काढलेलंच आहे, तर फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघा. फिरवायचं नाही, हलवायचं. जरा जरी खडखड जाणवली तर क्रँकची बेअरिंग गेली. ही तपासणी लोक हमखास विसरतात. तुमच्या मशीनच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण तिनं दापोलीचे किती तरी पावसाळे पडवीत काढलेत. समुद्राकडची दमट हवा आणि वापर नाही. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो. फ्लायव्हील फिरवताना वाळू दळल्यासारखं वाटलं तरी तोच अर्थ घ्या. पिस्टन गेलाय आणि बेअरिंगही गेलीत, अशी दोन्ही बाजूंनी मार खाल्लेली ४५ सीसीची मशीन दुरुस्त करणं मला पटत नाही. तिचे चांगले भाग काढून ठेवावेत, नाहीतर कोणाला तरी सुट्या भागांसाठी विकावी.

पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग बघून झालं की निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा मूठ आणि हँडगार्डचा, आणि त्यात मी कोणाचंही ऐकत नाही.

तारेनं बांधलेलं हँडगार्ड म्हणजे चेन ब्रेक नसलेली मशीन. ते गार्ड हाताला फांदी लागू नये म्हणून आहे असं पुष्कळांना वाटतं. ते खरं तर ब्रेकचा दांडा आहे. चेन ज्या पट्टीवर फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या दडलेल्या फांदीला टेकला की अख्खा बार क्षणात वर, तोंडाकडे, उसळतो. त्या उसळीत मनगट गार्डला लागतं, किंवा गार्ड आपल्याच वजनानं पुढे झुकतं, आणि क्लचच्या ड्रमभोवतीची पट्टी आवळून चेन जागच्या जागी थांबते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं; माणूस स्वतःहून काही करू शकत नाही. वादळात पडलेल्या झाडांत हा धोका नेहमीपेक्षा जास्त, कारण खोडं एकमेकांत अडकलेली असतात आणि बारचं टोक कुठे जातंय ते दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका कटरवाल्याच्या खांद्यावर कानापर्यंत जाणारी खूण आहे. त्याच्या मशीनचं गार्ड त्यानंच काढून ठेवलं होतं, 'मध्ये मध्ये येतं' म्हणून. तो वाचला, आणि आता नव्या पोरांना तीच खूण दाखवतो.

तुमच्या मशीनमध्ये ब्रेकची पट्टी आणि स्प्रिंग मशीनच्या अंगात, क्लचच्या ड्रमभोवती असतात (काही कंपन्यांच्या मशिनींत त्या चेनच्या कव्हरमध्ये असतात, त्यामुळे कव्हर बदललं की ब्रेक बदलतो, इथे तसं नाही). गार्ड नवं घालताना पट्टीही बघा. ती तेलकट असेल तर साफ करा, झिजून पातळ झाली असेल तर बदला. क्लच काढायचा असेल तर त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं सुटतो. हे न कळल्यामुळे मोडलेले क्लच मी पाहिलेत. सिलिंडरात प्लगच्या भोकातून सुती दोरी घालून पिस्टन अडवायचा, स्क्रूड्रायव्हर घालून नाही.

मागच्या मुठीचं आणखी एक आहे. या मॉडेलमध्ये मूठ आणि पेट्रोलची टाकी एकाच साच्यातली आहेत. त्यामुळे 'मूठ बदला' म्हणजे टाकीसकट अख्खा साचा बदला. एम-सीलचा लपका देऊन, वर क्लॅम्प आवळून चालवणारे लोक आहेत. त्या प्लॅस्टिकवर तो लपका धरत नाही, पेट्रोल आणि कंपनं मिळून त्याला महिन्याभरात सोडवतात. तडा कुठे आहे बघा. मुठीच्या टोकाला केसाएवढा असेल आणि ट्रिगर व त्याच्या वरचा सुरक्षेचा खटका मोकळे चालत असतील, तर एक वेळ मी चालवून घेईन. तडा टाकीकडे उतरत असेल किंवा ट्रिगर दाबलेलाच राहत असेल, तर साचा बदलल्याशिवाय मशीन माझ्या टेबलावरून खाली उतरत नाही.

आता पैशांचा हिशेब. दर मी लिहीत नाही, तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. पण हिशेब कसा मांडायचा ते सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. नुसत्या पिस्टन-रिंगवर भागलं तर तुमच्या यादीत बहुधा मूठ-टाकीचा साचा सगळ्यांत महाग पडेल. मूळ कंपनीचा सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण सेट लागला तर तो महाग. ब्रेकचं गार्ड, कार्ब्युरेटरच्या डायफ्रामचा (आतल्या पातळ पडद्याचा) संच, पेट्रोलची नळी, ऑइल सील, फिल्टर, प्लग या चिल्लर वस्तू. पण सगळ्या मिळून चिल्लर राहत नाहीत. सगळ्याची बेरीज करा, मजुरी धरा. मग तुलना करा त्याच ताकदीच्या, त्याच दर्जाच्या नव्या मशीनशी, सहा-सात हजारांच्या मशीनशी नाही. नवीबरोबर नवा बार आणि नवी चेन येते हेही विसरू नका. जुन्याचा बार झिजून खाच पसरट झाली असेल, चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा पडल्या असतील, तर तो खर्चही दुरुस्तीत मोजा. बेरीज नव्याच्या निम्म्याच्या आत असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूनं. निम्म्याच्या वर गेली की नवी. सिलिंडर वाचला तर तुमची बेरीज निम्म्याच्या आरामात खाली येईल. सिलिंडरचा मूळ सेट आणि साचा दोन्ही घ्यावे लागले तर बहुधा वर जाईल.

डुप्लिकेट सेट हा मधला रस्ता. एमएस २५० जगभर इतकी खपली आहे की तिचे इतर कंपन्यांचे पिस्टन-सिलिंडर सेट स्वस्तात आणि सगळीकडे मिळतात. मी ते वापरतो, लपवत नाही. पण सिलिंडरच्या खिडक्यांच्या कडा बोटानं चाचपून बघतो; धारदार असतील तर रिंग त्यात अडकून तुटते, तो सेट परत. आणि सेटमधली सर्क्लिप फेकून देऊन मूळ कंपनीची घालतो. त्या एवढ्याशा तारेवर पैसे वाचवायला गेलो आणि ती सुटली, तर नवा सिलिंडर उभा चिरत जाते.

चायना मशीनबद्दलही दोन शब्द, कारण नाक मुरडणं सोपं आहे. वर्षातून दोनदा वाळलेल्या फांद्या तोडायच्या असतील तर ती वाईट नाही. माझ्याकडे येतात, चालतात. पण दोन मशिनी सारख्या निघत नाहीत. एकीचा ब्रेक लागतो, दुसरीचा कागदोपत्री असतो. घेतलीत तर दुकानातच सुरू करून, ब्रेक पुढे ढकलून, चेन थांबते का ते डोळ्यांनी बघा. वर 'अठ्ठावन्न सीसी' छापलंय म्हणून ती तुमच्या पंचेचाळीसच्या पुढे धावेल असं समजू नका.

आणि तिसरा एक पर्याय आहे, जो मेकॅनिकही सांगणार नाही आणि दुकानदारही. बागेत वर्षाला किती कापायचं असतं? आंब्याची छाटणी, एखादा मेलेला माड, पावसाळ्यापूर्वी घरावर झुकलेली फांदी. एवढंच असेल तर दिवसाच्या बोलीवर कटरवाला बोलवा. तो आपली मशीन, आपलं पेट्रोल, आपली चेन घेऊन येतो. कमी वापरली जाणारी मशीन ही जास्त वापरल्या जाणाऱ्या मशीनपेक्षा लवकर मरते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्या दुकानातलं निम्मं काम पडून राहिलेल्या मशिनींचं असतं. मात्र तुमची बाग समुद्राकडच्या पट्ट्यात आहे, आणि वादळ आलं त्या आठवड्यात कटरवाला मिळत नाही, हेही तुम्ही पाहिलंय. त्या एका कारणासाठी घरात चालू मशीन असावी असं मला वाटतं.

समजा दुरुस्त करायचं ठरलं. मग मेकॅनिककडून काय काय करून घ्यायचं ते नीट ऐका, कारण नुसता पिस्टन बदलून दिलेली मशीन ही अर्धवट दुरुस्ती आहे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुकान टाकल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका काजू बागायतदाराच्या मशीनमध्ये मी नवा पिस्टन घातला, मशीन छान चालली, आणि दोन आठवड्यांत तोच पिस्टन तसाच खरवडून परत आला. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीला खालून तडा होता. त्यातून हवा आत शिरत होती, मिश्रण पातळ होत होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), मशीन तापत होती. मी वरून बघितलं, खालून नाही. दुसरा पिस्टन माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून हवा आणि निर्वात, दोन्ही चाचण्या केल्याशिवाय मी मशीन पुन्हा जोडत नाही: अर्धा बार (हे दाबाचं माप) इतका दाब देऊन वीस सेकंद काटा हलता कामा नये, आणि तसंच उलट ओढूनही बघायचं. ऑइल सील दाबाला धरतात आणि ओढीला सोडतात, म्हणून दोन्ही. तुमच्या मेकॅनिककडे हा पंप नसेल तर त्याच्याकडून पिस्टन बदलून घेऊ नका. हा एक प्रश्न विचारलात की माणूस कळतो.

म्हणूनच, सगळं खापर त्या बिनतेलाच्या पेट्रोलवर फोडून मोकळे होऊ नका. चुलत्यांनी पेट्रोल ओतलं तेव्हा मशीन अकरा वर्षांची होती. तिची रबरं तेव्हाच म्हातारी झालेली असणार.

या मॉडेलमध्ये पिस्टन बदलायला इंजिन बाहेर काढावंच लागतं. क्रँकखालचा अर्धा भाग वेगळा होतो आणि त्यात ऑइल सील आपोआप हातात येतात. म्हणजे सील बदलायची मजुरी वेगळी नाही. जुने परत घालण्यात काही अर्थ नाही. ते दोन अर्धे जोडताना गॅस्केट नसतं, सीलंट असतं. ते पेट्रोलला टिकणारंच हवं, बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन नव्हे. हसू नका, मी आतून काढलंय. तारुण्यात असलेल्या अशा मशीनचं कॉम्प्रेशन दीडशे पीएसआयच्या आसपास असतं. दुरुस्तीनंतर गेजवर बघा. शंभरच्या खाली असेल तर रिंग बसलेल्या नाहीत. गेज नसेल तर मशीन स्टार्टरच्या दोरीला टांगून धरा: अडखळत, टप्प्याटप्प्यानं खाली यायला हवी, सुळ्ळकन नाही.

कार्ब्युरेटरचा डायफ्राम सहा वर्षांत कागदासारखा कडक झालेला असेल, तो बदला. टाकीतली नळी बोटानं दाबून बघा. चिकट किंवा ठिसूळ असेल तर बदला, आतलं फिल्टरही. प्लगची फट अर्धा मिलिमीटर. चेनच्या तेलाच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल घातलेलं असेल तर ते काढून टाकी धुवा, त्यातली धातूची कीस तेलाचा पंप खाते. माड आणि पोफळ कापली असेल तर चेनच्या कव्हरखाली तंतूंचा गोळा सापडेल, तो तेलाची वाटच बंद करतो.

आणि पेट्रोल. २००९ मध्ये वडिलांनी मशीन घेतली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं एक नाही. २०१४ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण सरासरी दीड टक्का होतं. आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर मशीन पातळ मिश्रणावर, म्हणजे जास्त गरम, चालते. पिस्टन नवा घातला आणि कार्ब्युरेटरचे 'एच' आणि 'एल' स्क्रू जुन्याच जागी ठेवले तर नव्या पिस्टनची सुरुवातच तापण्यानं होईल. दोन्ही स्क्रू हलके आत घेऊन एकेक फेरा बाहेर, ही सुरुवात, तिथून कानानं. पूर्ण थ्रॉटलला मोकळी धावताना मशीन किंचित घरघरली पाहिजे आणि लाकडात बसली की सूर स्वच्छ झाला पाहिजे. मोकळी असतानाच शिट्टीसारखी किंचाळत असेल तर 'एच'चा, म्हणजे जास्त वेगाचा, स्क्रू थोडा बाहेर काढा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाणी कमी नाही. मिश्रण लागेल तेवढंच करा. कंपनीचं चांगलं टू-टी असेल तर लिटरला २० मिलिलिटर, साधं असेल तर ४०, आणि महिन्याहून जुनं झालं तर मशीनला घालू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा.

वडिलांच्या आठवणीचं म्हणाल तर त्यात मी पडत नाही, पण एवढं सांगतो: सिलिंडर आणि क्रँक दोन्ही गेले असतील तर त्यांच्या नावाखाली मशीनमध्ये पैसे ओतू नका. बार-चेन काढून, पुसून, पडवीत टांगून ठेवा. तसे दोन कटर माझ्याही भिंतीवर आहेत, एक माझ्या उस्तादांचा.

तेव्हा रविवारी मफलर काढा. एक्झॉस्टच्या खिडकीतून तीन फोटो काढा: पिस्टन वर असताना, रिंग दिसताना, आणि मागची भिंत दिसताना. चौथा मुठीच्या तड्याचा. फ्लॅश बंद ठेवून टॉर्च बाजूनं धरा. समोरून उजेड पडला की सगळंच चकाकतं आणि चरे दिसत नाहीत. फ्लायव्हील हलवल्यावर खडखड आली की नाही तेही लिहा. तोवर दोरी ओढू नका आणि मेकॅनिकला सिलिंडर देऊ नका.